शस्त्रक्रियेनंतरचा श्वास आणि त्याला चालना देणारी औषधे : प्रस्तावना

पित्ताशयाची किंवा जठराची शस्त्रक्रिया पोटाला मोठी चीर देऊन झाली असेल, तर दुसऱ्या दिवशी सकाळी त्या रुग्णाच्या श्वासाकडे थोडा वेळ पाहत राहावे. श्वास भरभर चालतो, पण उथळ. छातीचा वरचा भाग हलतो, पोट मात्र जवळजवळ स्तब्ध असते. आपण सगळेच दिवसभर नकळत अधूनमधून एखादा खोल उसासा टाकतो. या रुग्णाचा तो उसासाच नाहीसा झालेला असतो. खोकायला सांगितले तर टाक्यांवर हात दाबून तो कसाबसा खाकरतो आणि डोळे मिटून घेतो. पूर्ण श्वास घेऊन पूर्ण सोडायला लावला आणि ती हवा मोजली, तर शस्त्रक्रियेपूर्वीच्या निम्मी किंवा त्याहूनही कमी भरते. हृदय ठीक, जखम कोरडी, ताप नाही, आणि तरीही याच माणसाला तिसऱ्या-चौथ्या दिवशी न्यूमोनिया होण्याचा धोका असतो.

असे का होते, याचे बरेचसे उत्तर आता हाती आहे. आडव्या झालेल्या रुग्णाला भूल दिल्यावर, श्वास सोडल्यानंतर फुप्फुसात उरणारी हवा सुमारे अर्ध्या लिटरने कमी होते. पाठीकडच्या आणि श्वासपटलालगतच्या भागातले वायुकोश मिटतात. स्वीडनमधील ग्योरान हेडेनस्टिएर्ना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात भूल दिलेल्या रुग्णांचे सीटी स्कॅन काढून हे मिटलेले भाग डोळ्यांना दाखवून दिले. दहांपैकी सुमारे नऊ जणांत ते आढळतात. तरुण, धडधाकट माणसांतही. पुष्कळांचे वायुकोश पुढच्या काही तासांत पुन्हा उघडतात. ज्यांचे पोट वरच्या बाजूला उघडले आहे, त्यांचे मात्र दिवसेंदिवस मिटलेले राहतात. कारण श्वासपटलच नीट काम करत नाही. त्याचा स्नायू थकलेला नसतो, त्याची नसही शाबूत असते. पण पोटातल्या अवयवांना हात लागला की तिथून उलट जाणारे संदेश त्या पटलाला आवरून धरतात. शिवाय वेदना आहेच. वेदनेवर दिलेले मॉर्फिन किंवा फेंटानिल श्वासाची गती मंद करते, तीही भर पडते.

अशा वेळी कुणाच्याही मनात एक सरळ विचार येईल. शिरेतून एखादे औषध द्यावे, त्याने मेंदूला जाग यावी, रुग्णाने आपोआप खोल श्वास घ्यावेत, मिटलेले वायुकोश उघडावेत आणि कफ सुटावा. हा विचार शंभर वर्षांहून जुना आहे. त्यामागे अतिशय हुशार माणसे लागली, त्यातून उत्तम शरीरशास्त्र निघाले, काही रुग्ण वाचले आणि काही दगावलेही. या पुस्तकाचा विषय तो विचार आहे. मी भूलशास्त्र शिकलो आणि शिकवतो. रुग्णाच्या उशाशी उभे राहून ‘श्वास वाढवायला काय देऊ?’ असे विद्यार्थी विचारतात, तेव्हा मी आधी त्यांना ‘हा श्वास कमी का झाला?’ हे शोधायला सांगतो. पुढची सगळी प्रकरणे याच एका आग्रहातून लिहिली आहेत.

श्वास चालतो कसा, हे आधी पाहावे लागेल. १९०५ साली ऑक्सफर्डमध्ये जॉन स्कॉट हॉल्डेन आणि जॉन प्रीस्टली यांनी दाखवून दिले की, श्वासाचा रोजचा लगाम कार्बन डायऑक्साइडच्या हाती आहे. रक्तात हा वायू थोडा जरी साचला तरी मेंदूच्या देठातील श्वसनकेंद्र श्वास वाढवते. ऑक्सिजनची दखल घेणारी यंत्रणा वेगळी आहे. मानेत दोन्ही बाजूंना, जिथे कॅरोटिड धमनीला फाटा फुटतो तिथे, तांदळाच्या दाण्याएवढी एक गाठ असते. स्पेनच्या फर्नांडो दे कास्त्रो यांनी सूक्ष्मदर्शकाखाली तिच्या नसा तपासून ती रक्ताची चव घेणारे इंद्रिय असावे असे ओळखले. बेल्जियमच्या गेंट शहरात कॉर्नेल हेमान्स यांनी प्रयोगाने ते सिद्ध केले आणि त्यांना १९३८चे नोबेल पारितोषिक मिळाले. दे कास्त्रो त्या सन्मानात नव्हते; मला ती उणीव आजही जाणवते. श्वसनउत्तेजक म्हणून आज ज्याचे नाव पहिल्यांदा घेतले जाते ते डॉक्साप्रॅम मुख्यतः या इवल्याशा गाठीवरच काम करते.

श्वसनकेंद्राचा हुकूम, तो वाहून नेणाऱ्या नसा, तो पाळणारे स्नायू, हवेची वाट आणि शेवटी फुप्फुस अशी ही साखळी आहे. उत्तेजक औषध फक्त पहिल्या कडीला हात घालते. अडचण पहिल्या कडीत असेल तर त्याचा गुण येईल. जीभ मागे पडून घसा बंद झाला असेल, स्नायू शिथिल करणाऱ्या औषधाचा अंमल उतरलेला नसेल किंवा वायुकोशांत कफ भरला असेल, तर हुकूम कितीही मोठ्याने सुटला तरी हवा आत जाणार नाही. उलट श्वासाचे स्नायू जास्त धडपडतील आणि असलेला ऑक्सिजनही खाऊन टाकतील.

श्वासाकडे लक्ष ठेवा, हा आग्रह आपल्याकडे जुना आहे. आजचा मराठवाडा ज्या राज्यात होता त्या निजामाच्या हैदराबादेत एडवर्ड लॉरी या शल्यचिकित्सकाने १८८८ आणि १८८९ मध्ये दोन क्लोरोफॉर्म आयोग बसवले. निजामाने खर्च उचलला, लंडनहून औषधशास्त्रज्ञ लॉडर ब्रंटन आले, आणि जगातील पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञांपैकी एक असलेल्या रूपाबाई फर्दूनजी त्या कामात सहभागी होत्या. क्लोरोफॉर्मने आधी श्वास थांबतो, हृदय नंतर, म्हणून नाडी धरून बसू नका, श्वास पाहा, असा निष्कर्ष निघाला. हृदयाविषयीचा त्यांचा भाग चुकीचा ठरला. गुडमन लेव्ही यांनी १९११ मध्ये क्लोरोफॉर्मने हृदयाची लय अचानक बिघडून मृत्यू येतो हे दाखवले. श्वास पाहा हा सल्ला मात्र आजही प्रत्येक रिकव्हरी रूममध्ये लागू आहे.

सुरुवातीच्या काळात उत्तेजक म्हणून जो वापरात आला तो खुद्द कार्बन डायऑक्साइड होता. येल विद्यापीठातील यँडेल हेंडरसन यांनी १९२०च्या दशकात ऑक्सिजनमध्ये थोडा कार्बन डायऑक्साइड मिसळून शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला हुंगवायचा पुरस्कार केला. रुग्ण खोल श्वास घेई, ईथरचा अंमल लवकर उतरे. पण ज्याचा श्वास आधीच दबलेला आहे त्याच्या रक्तात हाच वायू साचलेला असतो. त्याला तोच आणखी देणे म्हणजे गुंगीत भर घालणे, हे हळूहळू उमगले आणि ती पद्धत मागे पडली.

त्यानंतरचे नाव मात्र आपल्या घराघरांत पोचले होते. जुन्या पिढीतल्या वाचकांना ‘कोरामिन’ आठवत असेल. माणूस अत्यवस्थ झाला की फॅमिली डॉक्टर बॅगेतून कोरामिनची कुपी काढत, आणि ते इंजेक्शन दिले म्हणजे करण्यासारखे सगळे केले, अशी घरच्यांची समजूत असे. हे निकेथामाइड नावाचे औषध. त्याच्या जोडीला पिक्रोटॉक्सिन, कार्डियाझोल, स्ट्रिक्निन, पुढे बेमेग्राइड अशी औषधे होती. ही सगळी मेंदूला सरसकट चेतवतात. श्वास वाढवणारी मात्रा आणि फिट आणणारी मात्रा यांत फारच थोडे अंतर असते. कार्डियाझोलने येणारी फिट इतकी खात्रीची होती की, १९३०च्या दशकात मनोरुग्णांना उपचार म्हणून मुद्दाम फिट आणण्यासाठी ते वापरले गेले. श्वास जागवण्यासाठी आपण काय देत होतो, याची कल्पना यावरून येईल.

या औषधांचा खरा निकाल कोपनहेगनमध्ये लागला. त्या काळी झोपेच्या बार्बिच्युरेट गोळ्या जास्त घेऊन बेशुद्धावस्थेत येणारे रुग्ण पुष्कळ असत. त्यांना जागे करण्यासाठी डॉक्टर उत्तेजकांची इंजेक्शने तासातासाने देत. रुग्ण हातपाय झाडत, ताप चढे, फिट येई, मग ती थांबवायला पुन्हा गुंगीचे औषध द्यावे लागे. कार्ल क्लेमेसेन यांनी बिस्पेबिएर्ग रुग्णालयात १९४९ मध्ये अशा रुग्णांसाठी खास केंद्र सुरू केले. भूलतज्ज्ञ एरिक निल्सन यांच्यासह त्यांनी ठरवले की जागे करण्याची घाई करायचीच नाही. श्वासाची वाट मोकळी ठेवायची, कफ ओढून काढायचा, कुशीवर वळवत राहायचे, गरज पडली तर श्वास हाताने द्यायचा, रक्तदाब सांभाळायचा आणि विष शरीरातून आपोआप निघून जाईपर्यंत थांबायचे. मृत्यूचे प्रमाण सुमारे २० टक्क्यांवरून १ ते २ टक्क्यांवर आले. त्यांनी नवे औषध आणले नव्हते. जुने औषध काढून टाकले होते आणि त्याच्या जागी रात्रभर जागणारी माणसे आणली होती. त्याच शहरात १९५२च्या पोलिओच्या साथीत ब्यॉर्न इब्सेन यांच्या सल्ल्याने वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून रुग्णांना हाताने श्वास दिला. आजचा अतिदक्षता विभाग तिथून सुरू झाला. माझ्या मते श्वसनउत्तेजकांविषयी लिहिणाऱ्या प्रत्येकाने कोपनहेगनची ही हकिगत आधी सांगितली पाहिजे, कारण उत्तेजक औषध न देणे हाही पूर्ण उपचार असू शकतो हे तिथे कायमचे सिद्ध झाले.

हा निकाल लागत असतानाच, १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला, डॉक्साप्रॅम तयार झाले. जुन्या औषधांहून ते खरोखर वेगळे होते. कमी मात्रेत ते मानेतील त्या गाठीच्या पेशींवर काम करते. त्या पेशींमधून पोटॅशियम बाहेर सोडणाऱ्या काही वाहिन्या ते बंद करते. त्यामुळे ऑक्सिजन कमी झाल्यावर त्या पेशी जशा पेटून उठतात तशाच त्या ऑक्सिजन पुरेसा असतानाही पेटतात. मेंदूचा देठ थेट चेतवला जातो तो मात्रा वाढल्यावर. फिट येण्याचा धोका आहे, पण तो श्वास वाढवणाऱ्या मात्रेपासून बराच दूर आहे. शिरेतून वजनाच्या प्रत्येक किलोला अर्धा ते एक मिलिग्रॅम दिले की २० ते ४० सेकंदांत श्वास खोल होतो, दोनेक मिनिटांत परिणाम शिगेला पोचतो आणि ५ ते १२ मिनिटांत ओसरतो. नाडी आणि रक्तदाब वाढतो, घाम सुटतो, शुद्धीवर असलेला रुग्ण बेचैन होतो. रक्तदाबाच्या, हृदयविकाराच्या, अपस्माराच्या किंवा डोक्याला मार लागलेल्या रुग्णाला ते टाळावे लागते. भूल उतरताना येणारी थंडीची हुडहुडीही त्याने थांबते.

बेलफास्टमध्ये जॉन डंडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकात या औषधाकडे मोठ्या आशेने पाहिले. त्यांची कल्पना सुंदर होती. रुग्णाला मॉर्फिन पुरेसे द्यावे, म्हणजे तो वेदनेशिवाय खोकू शकेल. आणि मॉर्फिनने दबणारा श्वास डॉक्साप्रॅमने सावरावा, कारण ते वेदनाशमन पुसून टाकत नाही. मोठ्या शस्त्रक्रियांनंतर असे ठिबक दिल्यावर छातीच्या तक्रारी कमी झाल्याचे काही छोट्या अभ्यासांत दिसले. तरीही ती रीत रूढ झाली नाही, आणि का झाली नाही हे विद्यार्थ्यांनी नीट समजून घ्यावे. औषधाचा अंमल काही मिनिटांचा, फुप्फुसाचा धोका काही दिवसांचा. ठिबक लावले तर रुग्णावर सतत नजर हवी, आणि तशी नजर ठेवणारी माणसे जिथे आहेत तिथे औषधाविनाही बरेच साधते. श्वासपटलाला आवरून धरणाऱ्या उलट संदेशांचे डॉक्साप्रॅम काही करत नाही. ते काम छातीच्या पातळीवर पाठीत दिलेले एपिड्युरल बऱ्याच अंशी करते, आणि वेदनाही घालवते. आज डॉक्साप्रॅमला एक छोटी, नेमकी जागा उरली आहे: भूल उतरताना श्वसनकेंद्र अजून सुस्त आहे, घसा मोकळा आहे, स्नायूंत ताकद आली आहे, आणि थोडी मिनिटे मिळाली तर श्वासनलिकेत पुन्हा नळी घालणे टळेल, असा रुग्ण. त्या जागी ते मोलाचे आहे.

काही औषधे श्वास वाढवतात, पण ती उत्तेजक नव्हेत, उतारे आहेत. हा फरक पुस्तकात मी वारंवार मांडला आहे. १९६१ मध्ये तयार झालेले नॅलॉक्सोन मॉर्फिनला त्याच्या जागेवरून हुसकावते. श्वास परत येतो, पण वेदनाशमनही निघून जाते. एकदम मोठी मात्रा दिली तर ताजी जखम असलेला माणूस वेदनेने तडफडत उठतो, रक्तदाब उसळतो, क्वचित फुप्फुसात पाणी भरते. म्हणून ते थोडे थोडे द्यायचे. शिवाय त्याचा अंमल बऱ्याचदा मॉर्फिनच्या आधी संपतो. रुग्ण वॉर्डात गेल्यावर पुन्हा गुंगीत जाऊ शकतो. स्नायू शिथिल करणाऱ्या औषधांसाठी निओस्टिग्मिन आहे, आणि युरोपात २००८ पासून सुगामाडेक्स. या औषधांचा अंमल पुरता उतरला की नाही हे डोके उचलायला लावून कळत नाही. मनगटाच्या नसेला लागोपाठ चार विद्युत झटके देऊन, चौथ्या झटक्याला अंगठा पहिल्याच्या निदान ९० टक्के ताकदीने हलतो का, हे यंत्राने मोजावे लागते. ‘श्वास कमी आहे, उत्तेजक देऊ का?’ असे विचारले जाते तेव्हा कारण पुष्कळदा इथेच सापडते.

रिकव्हरी रूममधली एक फसगत मुद्दाम सांगायची आहे. बोटाला लावलेला ऑक्सिमीटर कोविडनंतर आता प्रत्येकाला माहीत आहे. पण मास्कमधून ऑक्सिजन चालू असेल, तर श्वास मिनिटाला सहावर आला तरी त्या यंत्रावर ९८ दिसू शकते. आतमध्ये कार्बन डायऑक्साइड साचत जातो, त्याची गुंगी चढते, गुंगीने श्वास आणखी मंदावतो. आकडा घसरू लागेपर्यंत फार उशीर झालेला असतो. अफूवर्गीय औषधांनी श्वास दबल्याच्या गंभीर घटना बहुतांश शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या २४ तासांत घडतात, आणि बऱ्याचदा त्याआधी रुग्ण ‘छान झोपला आहे’ असे नातेवाईक सांगत असतात. घोरणारा, लठ्ठ, झोपेत श्वास अडकणारा रुग्ण असा झोपला असेल तर त्याला हाक मारून उठवून पाहिलेच पाहिजे.

एका ठिकाणी मात्र उत्तेजक औषध निःसंशय कामी येते. दिवस पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या बाळांना हर्निया बऱ्याचदा होतो, आणि त्याची शस्त्रक्रिया पहिल्या काही महिन्यांत करावी लागते. त्यांचे श्वसनकेंद्र अजून कच्चे असते. भूल दिल्यानंतर पुढच्या १२ तासांत, कधी त्याहूनही उशिरा, अशी बाळे मध्येच श्वास घ्यायचे थांबतात. त्यांना किलोमागे १० मिलिग्रॅम कॅफीन शिरेतून दिले तर हे थांबणे खूप कमी होते. इथे अडचण पहिल्या कडीतच आहे, म्हणून औषध नेमके लागू पडते. मुदतपूर्व बाळांना एरवीही कॅफीन दिले जाते. २००६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीनंतर त्याची उपयुक्तता पक्की झाली. आपल्या चहा-कॉफीतला हाच पदार्थ एवढ्याशा बाळाचा श्वास सांभाळतो, हे मी कितीही वेळा शिकवले तरी मला त्याचे अप्रूप वाटते. अर्थात औषध दिले तरी बाळाला रात्रभर मॉनिटरवर ठेवावेच लागते.

मोठ्यांच्या बाबतीत फुप्फुस जपण्याचे बहुतेक काम औषधाबाहेरचे आहे. डोके तीस अंशांनी वर ठेवणे, वेदना नीट आवरणे, टाक्यांवर उशी धरून खोकायला शिकवणे, शक्य तर त्याच दिवशी खुर्चीत बसवणे. श्वासाच्या व्यायामाचे तीन चेंडूंचे प्लॅस्टिकचे यंत्र सगळ्यांना ठाऊक आहे. त्यात फुंकर मारणारे रुग्ण मी वॉर्डावॉर्डांतून पाहतो. चेंडू श्वास आत ओढून वर न्यायचे आणि तिथे क्षणभर धरायचे असतात. ते यंत्र रुग्णाच्या हातात शस्त्रक्रियेआधी, वेदना नसताना द्यावे. शक्य असेल तर महिनाभर आधीपासून विडी-सिगारेट बंद करावी. आणि आपल्या खेड्यांतल्या बाईने कधी विडी ओढली नसेल म्हणून तिची फुप्फुसे चांगली असतील असे गृहीत धरू नये. चुलीच्या धुरात वर्षानुवर्षे स्वयंपाक केलेल्या बाईला ‘दम लागतो का?’ असे विचारायलाच हवे. तिला प्रश्न विचारला जात नाही, तिची नोंद ‘धूम्रपान नाही’ अशी होते आणि धोका कागदावरून पुसला जातो. याचा मला मनापासून राग येतो.

नवी औषधे येत आहेत. मॉर्फिनचे वेदनाशमन न बिघडवता श्वास सावरणारे रेणू माणसांवर तपासले जात आहेत. काही मानेतील त्या गाठीवर, काही थेट श्वसनकेंद्राच्या पेशींवर काम करतात. मी त्यांच्याकडे उत्सुकतेने पाहतो. त्यांच्या चाचण्या वाचताना मात्र निरोगी स्वयंसेवकाचा श्वास मिनिटाला कितीने वाढला एवढ्यावर थांबू नये. पोटाची मोठी शस्त्रक्रिया झालेल्या, साठी उलटलेल्या रुग्णांत न्यूमोनिया कमी झाला का, पुन्हा नळी घालावी लागली का, माणूस लवकर घरी गेला का, हे तपासले गेले पाहिजे. डॉक्साप्रॅमच्या बाबतीत हे प्रश्न पुरेशा मोठ्या प्रमाणावर कधी विचारलेच गेले नाहीत.

पुस्तकाचा पहिला भाग शरीरशास्त्राचा, दुसरा एकेका औषधाचा आहे. मात्रांचे तक्ते तिथे सापडतील. शेवटचे प्रकरण रात्रपाळीच्या सिस्टरांसाठी लिहिले आहे आणि ते आधी वाचले तरी चालेल. दर तासाला श्वास पूर्ण एक मिनिट मोजून लिहायचा, रुग्ण हाकेने उठतो का ते लिहायचे, आणि श्वास दहाच्या खाली गेला किंवा रुग्ण हाकेला उठला नाही तर डॉक्टर येईपर्यंत हनुवटी वर उचलून धरायची, एवढेच त्यात तपशिलाने सांगितले आहे.